घरी पेटी (हार्मोनियम) रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

रेकॉर्डिंग खराब आलं की लोक आधी माइकच्या किमती बघायला लागतात. "सर, कोणता घेऊ?" असा फोन आठवड्याला एक तरी येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: काही घेऊ नकोस. आहे त्याच लॅपटॉपवर काळी एकचा सा (पहिल्या काळ्या पट्टीचा सूर) दहा सेकंद दाबून धर आणि मला पाठव.

बहुतेक वेळा रोग त्यातच कळतो. सा दमदार सुरू होतो आणि तीन-चार सेकंदांत पाण्यात बुडाल्यासारखा विरत जातो.

यात मी स्वतः फसलोय. २०२० साली, घरात कोंडून असताना, सूर असा विरायला लागला तेव्हा माझी खात्रीच पटली की भाता गळतोय. पेटी उघडली, भात्याच्या घड्यांवर चामड्याच्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवस घालवले. फरक शून्य. पुढे दुकानं उघडल्यावर पेटी दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यांनी भाता भरला, एका बोटाने सा धरला आणि दुसऱ्या हाताने चहाचा कप उचलला. दोन घोट झाले तरी सूर जागचा हलला नाही. म्हणाले, "पेटी ठणठणीत आहे. तुम्ही चिकटवलंय ते मात्र सोडवावं लागेल."

गळत होता तो कॉम्प्युटर. त्यातला माइक बोलण्यासाठी असतो. बोलणं सारखं वरखाली होतं. एकसारखा टिकून राहणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असं धरून सॉफ्टवेअर तो पुसून टाकतं. धरलेला सूर काय, तानपुरा काय, त्याच्या लेखी सगळे पंखेच! विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जाऊन आपला माइक निवडा आणि 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा. मॅकवर माइक मोड 'व्हॉइस आयसोलेशन' असेल तर 'स्टँडर्ड' करा. झूमवर शिकवत असाल तर 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा.

दुसरी चूक म्हणजे माइकची जागा. समोर ठेवला तर भात्याचा श्वास ऐकू येतो. पेटीवरच ठेवला तर प्रत्येक पट्टीची खटखट येते, शिवाय जवळचे सूर मोठे आणि लांबचे बारीक. "जवळ ठेवला की क्लिअर येतं" हे कोण शिकवतं देव जाणे. मी माझ्या उजव्या हाताला स्टूल ठेवतो, त्यावर माइक. पेटीपासून दीड-दोन फूट, पट्ट्यांपेक्षा थोडा वर. स्टुलाखाली सतरंजीची चौघडी, नाहीतर भात्याचा धक्का जमिनीतून वर चढतो.

रेकॉर्डिंगची लेव्हल (आवाज किती जोरात नोंदला जातो ते) उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि त्यासाठी सगळ्यात जोरात वाजणारी जागा आधी वाजवून बघा. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

ब्लूटूथ हेडफोनचा माइक वापरला की पेटी टेलिफोनवरून आल्यासारखी वाटते. तबल्याचं ॲप स्पीकरवर लावू नका, वायरचे हेडफोन घाला. गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बघा. फाइल डब्ल्यूएव्हीच (आवाज न दाबता साठवणारा प्रकार) ठेवा. मोनो (एकाच चॅनेलची) असेल तर मिनिटाला पाच एमबी, एवढी जागा सगळ्यांकडे असते.

फरशीची रिकामी खोली नको. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा, मागे गादी उभी करा. "घुमतंय ते नंतर सॉफ्टवेअरने काढू" म्हणणारे ते कधीच काढत नाहीत, उलट वर आणखी रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, ओततात.

आणि पंखा बंद. हो, मे महिन्यातसुद्धा. तीन मिनिटांचा टेक घ्या, मग पाच मिनिटं पंख्याखाली बसा, मग पुढचा टेक.