भाषण पाठ करताय? जरा थांबा

संवादाची ती आकृती सगळ्यांनाच येते: बोलणारा, संदेश, माध्यम, अडथळा, ऐकणारा, प्रतिसाद. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेली मूळ आकृती टेलिफोन, तार अशा यंत्रणांसाठी होती. तीत प्रतिसादाचा बाण नव्हता, तो नंतरच्यांनी जोडला. भाषण शब्दन् शब्द पाठ केलं की तो बाण पुन्हा गळून पडतो.

मी यातच अडकलो होतो, म्हणून जरा पाल्हाळ लावतो. पाठ केलेल्या मजकुरात प्रत्येक शब्द पुढच्या शब्दाला ओढून आणतो. एखादा 'तथापि' आठवला नाही की त्यामागचा अख्खा परिच्छेद जातो. विषय डोक्यात शाबूत असतो, पण तोंडातून काही फुटत नाही. बरं, अडखळलो नाही तरी नुकसान होतंच. नजर मनातला कागद वाचत राहते. समोर कुणाच्या कपाळाला आठी पडली, मागच्या रांगेत कुणी ऐकू यावं म्हणून कान पुढे केला, यातलं काही दिसत नाही. शिवाय लिहिलेली वाक्यं लांबलचक, त्यांत दम घ्यायला जागाच नसते.

पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, एवढंच पाठ करा. मधले मुद्दे चिठ्ठीवर, मोठ्या अक्षरात, मुद्द्याला तीन-चार शब्द. मग उभं राहून, मोठ्याने, दर वेळी वेगळ्या शब्दांत बोला. मनातल्या मनात केलेला सराव मी सरावात धरत नाही. पहिल्या खेपेला फार रटाळ वाटेल. वाटू दे, सगळ्यांचं तसंच होतं.

'शब्दांचं महत्त्व फक्त ७ टक्के, बाकी आवाज आणि देहबोली' असं सांगणारे मार्गदर्शक भेटतीलच. त्यांची फी वाचवा. हा आकडा ज्यांतून आला ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग भावना आणि आवडनिवड कशी कळते याबद्दल होते, सुटे शब्द वापरून केलेले. सगळ्या बोलण्याला तो हिशेब लावू नका, असं खुद्द मेहराबियनच सांगतात. मुद्दाच नसेल तर हातवारे काय करणार?

छातीतली धडधड जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण ती दाबायच्या मागे लागू नका. संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत भाषणाआधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह वाटतोय' म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. आणि आपल्याला वाटतो तेवढा आपला थरकाप समोरच्यांना दिसत नाही.

सरावाला माणूस निवडताना मात्र चोखंदळ राहा. 'मस्त झालं' म्हणणारा मित्र काही कामाचा नाही. भाषण संपल्यावर ऐकणाऱ्याला फक्त एवढंच विचारा: 'मी काय म्हणालो, ते दोन वाक्यांत सांग.' तो गडबडला तर त्याच्याशी वाद घालू नका, मुद्द्यांची चिठ्ठी पुन्हा लिहा.