नेव्ही बँडमध्ये दिवस कसा जातो, भरतीला जाणाऱ्या मुलांसाठी

आमच्या लालबागच्या चाळीतला एक मुलगा गेल्या आठवड्यात घरी आला. ट्रंपेट वाजवतो, गणपतीत आणि लग्नाच्या सीझनला ऑर्डरी करतो, दहावी झाली आहे आणि आता त्याला नेव्हीच्या म्युझिशियन भरतीला जायचंय. म्हणाला, काका तिथे दिवसभर करतात काय, नुसतं वाजवायचंच असतं ना? त्याला तासभर बसवून सांगितलं, मग वाटलं हे विचारणारी अजून पण मुलं असतील, म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय.

मी पण ब्रास बँडमधूनच गेलो. कानावर ऐकून वाजवायचो, नोटेशन वाचता यायचं नाही. सर्व्हिसची बरीच वर्षं मुंबईतच गेली, कुलाब्याला आयएनएस कुंजालीवर, नेव्हीची म्युझिक स्कूल आणि सेंट्रल बँड तिथेच आहे. नेव्हीत जमिनीवरच्या तळाला पण जहाजच म्हणतात, गेटबाहेर सिनेमाला गेलात तरी 'शोअरला गेलो' म्हणायचं, आठवडाभरात सवय होते. कुंजाली हे नाव कालिकतच्या झामोरिनच्या आरमाराचे सेनापती कुंजाली मरक्कार यांच्यावरून आहे, आणि मुंबईतच आपल्या कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं आयएनएस आंग्रे पण आहे. पहिल्या दिवशी ती पाटी वाचली तेव्हा अंगावर काटा आला होता.

पण कुंजालीच्या आधी ओडिशात चिल्का, नेव्हीचं ट्रेनिंग सेंटर. तिथे तुम्ही म्युझिशियन वगैरे कोणी नसता, सगळ्यांसारखेच रिक्रूट. पहाटे धावणं, पोहणं, परेड, पुन्हा परेड, चुकलं की रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत. वाद्याला हात लावायला वेळ मिळेलच असं नाही आणि फुंकून वाजवणाऱ्याचे ओठ दोन आठवडे बंद राहिले की सैल पडतात. मी खिशात माउथपीस ठेवायचो आणि रात्री दिवे जायच्या आधी पाच मिनिटं नुसता त्याच्यावर ओठ फडफडवायचो, बाजूच्या बेडवरची पोरं वैतागायची पण तेवढ्याने ओठ जिवंत राहिले.

आता रोजचा दिवस. पाचला उठायचं, पीटी, दाढी, आणि दाढी म्हणजे रोज, रविवारी पण. सकाळी आठला कलर्स, म्हणजे झेंडा वर चढतो, त्या वेळी जो जिथे असेल तिथे सावधान. सासून डॉककडून मासळीचा वास येत असतो, वर घारी फिरत असतात आणि तुम्ही पापणी सोडून काही हलवायचं नाही. मग प्रॅक्टिस. पहिला अर्धा तास फक्त लांब सूर, एकच सूर धरून ठेवायचा, वर नाही खाली नाही. नवीन मुलांना हे फार कंटाळवाणं वाटतं कारण लग्नात आपण पहिल्या मिनिटाला वरच्या पट्टीत जाऊन धमाल उडवतो. पण ओठांना ताकद येते ती या लांब सुरांनीच. त्यानंतर सेक्शनची प्रॅक्टिस, मग पूर्ण बँड. नोटेशन मला चिल्कानंतर इथेच शिकावं लागलं, पहिले तीन महिने रात्री मेसमध्ये बसून काळे ठिपके मोजायचो. तुम्ही आत्ताच शिकून जा, कोणाकडूनही शिका, तेवढा त्रास वाचेल.

दुपारनंतर बँडवाला आणि सैनिक एक होतात, म्हणजे ड्रिल. क्विक मार्चला मिनिटाला साधारण 120 पावलं आणि पाऊल 30 इंचाचं, हे वाजवत करायचं, आणि पाऊल आपटल्याचा धक्का ओठापर्यंत जाता कामा नये. त्याला वर्ष जातं. वर मोठ्या मैदानात दुसरी एक अडचण असते जी बाहेरच्या माणसाला माहीत नसते. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे ड्रम तुमच्यापासून 30-35 मीटरवर असेल तर त्याचा ठोका तुमच्या कानाला सेकंदाचा दहावा भाग उशिरा येतो. कानावर विश्वास ठेवलात की मागे पडलात. म्हणून बँडच्या पुढे चालणाऱ्या ड्रम मेजरच्या हातातल्या काठीकडे बघायचं, डोळ्याने ठेका पकडायचा. मला हे फार जड गेलं, लहानपणापासून कानानेच वाजवत आलेलो.

आता उभं राहण्याबद्दल, हे नीट वाचा. परेडला पडणारी पोरं अशक्त नसतात, सकाळी न खाता आलेली असतात आणि गुडघे मागे घट्ट लॉक करून उभी असतात. तसं उभं राहिलं की रक्त पायात साचतं आणि डोळ्यापुढे अंधारी येते. गुडघा किंचित सैल ठेवायचा, बुटाच्या आत बोटं हलवत राहायची, वजन टाचेवरून चवड्यावर घ्यायचं, बाहेरून कोणाला दिसत नाही. आदल्या दिवसापासून पाणी प्यायचं. ऑक्टोबरच्या उन्हात मुंबईच्या दमट हवेत दीड तास उभं राहायचंय आणि परेड संपेपर्यंत पाणी नाही, हे डोक्यात ठेवून तयारी करा. आणि तरीही वाटलं की आता पडणार तर पडायच्या आधी खाली बसा, त्यात लाज नाही, तोंडावर पडून दात घालवलेला माणूस मी बघितला आहे, आणि ट्रंपेटवाल्याचा पुढचा दात गेला म्हणजे सगळंच गेलं.

पांढरा ड्रेस. याच्यावरच खरं तर निम्मं आयुष्य जातं. स्टार्च, इस्त्री, बुटाला पॉलिश, बकलला ब्रासो. समुद्राच्या खाऱ्या हवेत पितळ रात्रीत काळं पडतं, संध्याकाळी चकाचक केलेलं वाद्य सकाळी पुन्हा पुसायचं. पावसाळ्यात कपडे पंख्याखाली वाळवायचे, नाहीतर बुरशीचे ठिपके पडतात आणि पांढऱ्यावरचा तो ठिपका जन्मात जात नाही. ड्रेस चढवल्यावर बसायचं नाही. परेडला बसने नेतात तेव्हा सीट रिकाम्या असतात आणि आम्ही सगळे दांड्याला धरून उभे, कारण बसलं की गुडघ्यामागे चुणी पडते.

वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम नेव्ही डेच्या सुमाराचा. 4 डिसेंबर, 1971 च्या युद्धात त्या रात्री आपल्या मिसाइल बोटींनी कराचीवर हल्ला केला होता, ऑपरेशन ट्रायडंट. त्या दिवसांत गेटवे ऑफ इंडियाला बीटिंग रिट्रीट आणि टॅटू, म्हणजे बँड आणि कवायतीचा कार्यक्रम असतो, हेलिकॉप्टरं येतात, सी कॅडेट कोरची लहान मुलं हॉर्नपाइप, म्हणजे खलाशांचा डान्स करतात, मागे समुद्रात जहाजांवर दिवे लागलेले. लोकांना दिसतो तो तासाभराचा कार्यक्रम. आमची प्रॅक्टिस कितीतरी आधीपासून, आणि गेटवेला समुद्रावरून वारा आला की आवाज सरळ ताजकडे जातो, पलीकडे उभ्या माणसाला अर्धाच ऐकू येतो, मग त्याप्रमाणे कोणी किती जोरात वाजवायचं ते जागेवर ठरवावं लागतं. माझी आई पहिल्यांदा बघायला आली तेव्हा गर्दीत मागे उभी होती, तिला मी दिसलोच नाही, सगळे सारखेच दिसत होते म्हणाली. मला ते ऐकून फार बरं वाटलं, कारण तसंच दिसायला पाहिजे.

पण मला विचाराल तर या नोकरीतलं सगळ्यात मोठं काम ते नाही. ते आहे लास्ट पोस्ट, गेलेल्या सैनिकांना मानवंदना देणारी बिगुलची धून. डॉकयार्डमध्ये गौरव स्तंभ आहे, तिथे नेव्ही डेला पुष्पचक्र वाहतात, गार्ड शोक शस्त्र करते, आणि एकटा बिगुलवाला वाजवतो. बिगुलला व्हॉल्व्ह नसतात, बोटांना काही कामच नाही, सगळे सूर ओठाने काढायचे. मग दोन मिनिटं शांतता आणि त्यानंतर राउज, म्हणजे शांतता संपवणारी धून. थंड पितळाचा सूर खाली उतरतो, म्हणून वाजवायच्या आधी आवाज न करता आत गरम श्वास सोडत राहायचं, मी बिगुल काखेत धरून पण गरम ठेवायचो.

एकदा कोकणात एका गावी अंत्यसंस्काराला पाठवलं होतं, ड्युटीवर असताना वारलेला मुलगा होता. रात्रभर प्रवास, पहाटे गावात पोचलो, पायवाटेने खाली नदीकाठी. पाण्याचा घोटभर मिळाला नव्हता, ओठ सुकलेले. तीन फैरी झाल्या आणि माझी पाळी. वरच्या सुराला माझा आवाज फाटला. अर्धा सेकंद असेल. कोणी काही बोललं नाही, सीनियरने नंतर सुद्धा काही विचारलं नाही. तिरंगा घडी करून त्याच्या वडिलांच्या हातात दिला तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते असं मला वाटलं. निघताना त्यांनीच मला तांब्याभर पाणी आणून दिलं, म्हणाले लांबून आलात, प्या. त्यानंतर मी कधीही पाण्याच्या बाटलीशिवाय ड्युटीवर गेलो नाही, आणि लास्ट पोस्ट रोज वाजवायचो, सुट्टीवर असलो तरी, गच्चीवर जाऊन.

आता भरतीचं. 2022 पासून अग्निवीर झालं आहे, एमआर (मॅट्रिक रिक्रूट) म्युझिशियनला दहावी पास चालतं, अविवाहित पाहिजे, मुलींना पण संधी आहे. चार वर्षं सर्व्हिस आणि त्यातल्या जास्तीत जास्त 25 टक्के लोकांना पुढे घेतात. घरच्यांना हे आधीच नीट सांगून ठेवा, चार वर्षांनी काय करायचं याचा विचार पण सोबत ठेवा. तारखा आणि वयाची अट दर भरतीला बदलते, ती नेव्हीच्या वेबसाइटवरच बघा, क्लासवाल्यांच्या मेसेजवर जाऊ नका. धावण्याची तयारी सगळ्यात आधी सुरू करा, 1.6 किलोमीटर, चांगलं वाजवणारी पोरं तिथेच बाहेर पडलेली मी बघितली आहेत. म्युझिकच्या टेस्टला सूर आणि लय बघतात, एक पूर्ण गाणं गायला लावतात, स्वतःचं वाद्य सुरात लावता आलं पाहिजे आणि समोरच्याने दिलेला सूर ओळखून काढता आला पाहिजे. गाण्याला लाजू नका, चाळीच्या भजनात बसलेला असाल तर तेच गा, पण सुरात आणि शेवटपर्यंत. आणि ट्रंपेटवाल्यांनो, टेस्टच्या आधीचे दोन दिवस लग्नाची ऑर्डर घेऊ नका, कितीही पैसे देत असले तरी. रात्रभर वाजवून सुजलेला ओठ एका झोपेत उतरत नाही.