सापळा लावण्याआधी पतंग ओळखा

आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या, संत्र्या-मोसंबीने रंग धरायला सुरुवात केली आहे आणि कपाशी फुला-बोंडांवर आहे. दिवस मावळला की शिवारात पतंगांची वर्दळ वाढते ती याच दिवसांत. पतंग दिसले की प्रकाश सापळ्याचा बल्ब लावायचा आणि तो उजाडेपर्यंत तसाच ठेवायचा, ही सवय बऱ्याच ठिकाणी आहे. हा उपाय काही पतंगांवर चालतो, काहींवर अजिबात चालत नाही आणि कधीकधी आपलंच नुकसान करतो.

सगळ्यात जास्त गल्लत संत्र्यात होते, म्हणून सुरुवात तिथून. गळालेलं फळ हातात घ्या. सालीवर टाचणी टोचल्याएवढं छिद्र असेल आणि भोवतालची साल मऊ, तपकिरी पडली असेल, तर फळ हलकेच दाबा. छिद्रातून रसाची चिळकांडी उडाली, तर हे काम रस शोषणाऱ्या पतंगाचं. इतर बहुतेक पतंगांची सोंड फुलातला मध ओढण्यापुरती नाजूक असते. याच्या सोंडेचं टोक मात्र टणक, काटेरी आणि चांगली जाड साल भेदणारं असतं. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे पिवळे-नारिंगी आणि त्यावर काळे पट्टे. छिद्रातून बुरशी आत शिरते, फळ सडतं आणि गळतं. फळमाशीनेही गळ होते, पण तिच्या फळात अळ्या सापडतात. इथे फळ फोडून पाहिलं तरी अळी नसते.

कारण याची अळी संत्र्यावर जगतच नाही. ती गुळवेल, वासनवेल अशा वेलींची पानं खाऊन वाढते, म्हणजे बांधावर आणि कुंपणावर. त्यामुळे संत्र्याच्या पानांवर ‘अळीनाशक’ मारणं म्हणजे पैसे पाण्यात. बागेला लागून असलेल्या या वेली उपटा. गुळवेल औषधी म्हणून राखायचीच असेल, तर ती बागेपासून लांब असू द्या आणि पावसाळ्यात तिच्यावरच्या अळ्या वेचून काढा. गळालेली फळं रोज उचलून खड्ड्यात पुरा, त्यांच्या वासावर आणखी पतंग येतात. संध्याकाळी सातपासून दोन-तीन तास ओलसर काडीकचरा आणि कडुनिंबाचा पाला जाळून धूर करा. आमिषही चालतं: 2 लिटर पाण्यात 200 ग्रॅम गूळ, गळालेल्या फळांचा 400 ते 500 मिली रस आणि 20 मिली मॅलाथिऑन हे कीटकनाशक मिसळून रुंद तोंडाच्या भांड्यांत भरा आणि 25 ते 30 झाडांमागे एक भांडं टांगा. सकाळ होताच ती झाकून ठेवा, नाहीतर गुळावर मधमाश्या येऊन मरतील. भांडी मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडी लागणार नाहीत, हेही पाहा.

या पतंगाला प्रकाश सापळ्याचं फारसं आकर्षण नसतं. जपानमधले बागायतदार उलट काम करतात. ते बागेत पिवळे दिवे लावतात. त्या उजेडात पतंगाच्या डोळ्यांना दिवस असल्यासारखं वाटतं आणि तो फळाकडे न येता बसून राहतो. आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये अख्खी बाग रात्रभर उजळवणं किती जणांना जमेल, हा भाग वेगळा.

कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळा हेच खरं साधन आहे, कारण मादीच्या गंधाने ओढले जाऊन त्यात फक्त त्याच जातीचे नर येतात. 2017 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात या अळीने काय केलं, ते नव्याने सांगायला नको. एकरी दोन सापळे लावा आणि रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहा. सलग तीन रात्री सापळ्यामागे सरासरी आठ किंवा जास्त पतंग आले, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, म्हणजे आता उपाय करणं परवडेल, असं समजा. शेतात फिरून वीस हिरवी बोंडं फोडा. दोनमध्ये अळी किंवा तिची विष्ठा दिसली तरी फवारणीची वेळ झाली. डोमकळ्या, म्हणजे अळी आत असल्याने न उमललेली गुलाबकळीसारखी फुलं, दिसतील तशा तोडून नष्ट करा. ल्युर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, मुदतीत बदला आणि ती लावताना हाताला तंबाखू, कांदा किंवा औषधाचा वास नको. मक्यातल्या लष्करी अळीलाही हेच तत्त्व, पण ल्युर वेगळी आणि सापळे एकरी पाच. दोन किडींच्या ल्युर एकाच सापळ्यात कोंबू नका.

आता प्रकाश सापळ्याकडे. पतंग दिव्यावर ‘झेपावतो’ असं आपण म्हणतो. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवलं, की तो उडताना पाठ उजेडाकडे करतो. आकाश वर असतं, एवढंच त्याला ठाऊक. बल्बजवळ ही खूण चुकते आणि तो घिरट्या घालत अडकतो. म्हणजे शत्रू-मित्र असा भेद बल्ब करत नाही. किडी खाणारे क्रायसोपा आणि ढालकिडे, किडींवर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या असे मित्रकीटकही त्यात मरतात. म्हणून सापळा अंधार पडल्यापासून दहापर्यंतच लावा आणि सकाळी बल्बखालच्या भांड्यात नेमकं काय पडलं आहे ते पाहा. मित्रकीटकच जास्त दिसले, तर तो सापळा काही दिवस बंद ठेवा.

रात्रीच्या परागीभवनाचा हिशेबही यातच येतो. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या शेतजमिनीवर 838 पतंग तपासले, तेव्हा जवळपास निम्म्यांच्या अंगावर परागकण मिळाले, तेही 47 प्रकारच्या वनस्पतींचे. स्वित्झर्लंडमधल्या 2017 च्या प्रयोगात कृत्रिम दिव्यांखाली फुलांवर येणारे निशाचर कीटक 62 टक्क्यांनी घटले आणि फळधारणा 13 टक्क्यांनी. केनियात पपईचं परागीभवन मुख्यतः हॉकमॉथ नावाचे मोठे, वेगवान पतंग करतात. आपल्याकडे उभयलिंगी, म्हणजे एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असलेल्या, झाडांच्या पपई लागवडीत याची फारशी अडचण नाही. नर-मादी झाडं वेगळी असलेल्या बागेत मात्र फुलोऱ्याच्या काळात शेडवरचा हॅलोजन रात्रभर चालू ठेवू नका. हॉकमॉथच्याच कुळातल्या एका पतंगाची शेपटीवर शिंग असलेली जाड अळी तिळाची पानं फस्त करते. अळी मोठी असल्याने सहज दिसते, हातानेच वेचा. त्यासाठी अख्ख्या शेतावर औषध मारायची गरज नाही.

गडचिरोली, भंडारा, चंद्रपूरकडच्या वाचकांना आणखी एक विनंती. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या सोडल्या असतील, तर शेजारच्या धानावर फवारणी करण्याआधी टसर पाळणाऱ्यांना सांगा आणि वारा त्या झाडांच्या दिशेने वाहत असेल, तर त्या दिवशी पंप बाहेर काढू नका.