घरची चटणी विकायची तर

उन्हाळा लागला की वर्षभराच्या चटणीसाठी, म्हणजे तिखट मसाल्यासाठी, मिरची कांडायच्या डंकापुढं मिरच्यांच्या पिशव्यांची रांग लागते, आणि त्या रांगेतच कुणीतरी विचारतं, "मावशी, आम्हीबी यंदा चटणी विकावी म्हणतोय. लायसन लागतंय का?"

लागतंय. ओळखीपाळखीत चार किलो विकली तरी कागद पाहिजेच. पण छोट्या घरगुती धंद्याला अख्खं लायसन लागत नाही, एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी पुरते. त्यांच्याच फॉसकॉस नावाच्या पोर्टलवर अर्ज भरायचा, फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा जोडायचा. फी वर्षाला 100 रुपये. एवढ्यासाठी एजंटला हजार-दोन हजार मोजणाऱ्या बायका बघितल्या की माझा जीव तुटतो. घरातलं कॉलेजचं पोरगं काय नुसतं रील बघायलाच आहे काय? पत्ता मात्र जिथं चटणी होते तिथलाच द्या.

नोंदणी झाली की 14 आकडी नंबर मिळतो. तो पाकिटावर छापायचा, आणि खरी मेहनत तिथून पुढं. पाकिटावर मालाचं नाव, तुमचं नाव-पत्ता, वजन, किंमत, बॅच नंबर, केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायची ती तारीख, शाकाहाराची हिरवी खूण, आणि घटक. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे. इथं "अंदाजानं घालतो" चालत नाही. ब्याडगी मिरची किती, संकेश्वरी मिरची किती, खोबरं, तीळ, धने, लसूण, मीठ, सगळं काट्यावर तोलून वहीत मांडा. चवही दरवेळी तीच येते, हा वरचा फायदा. शेंगदाण्याची चटणी असेल तर शेंगदाणा आहे हे ठळक लिहा; काहींना त्याची ॲलर्जी असते.

आता बुरशीचं. कांदा-लसूण चटणी बिघडते ती ओलीमुळं. कांदा उन्हात कडकडीत वाळवूनच तळा. मुठीत दाबला की चुरा झाला पाहिजे. कोथिंबीर धुतली असेल तर पानाला पाण्याचा थेंब राहू देऊ नका. डंकावरनं आलेली चटणी गरम असते. घाईनं पिशवीत भरली की आतून वाफ धरते आणि महिन्याभरात पांढरे ठिपके दिसतात. परातीत पसरा, वर सुती कापड टाका, पूर्ण निवली की मगच भरा. प्रत्येक बॅचचं एक पाकीट घरात ठेवायचं, अधूनमधून वास घ्यायचा, म्हणजे चटणी किती दिवस टिकते ते कळतं. शेजारणीच्या पाकिटावरची तारीख बघून आपली तारीख ठरवू नका. तिचा कांदा वेगळा, तुमचा वेगळा.

रंग? अजिबात नको. मसाल्यात बाहेरचा रंग घालायला कायद्यानं बंदी आहे. लाली ब्याडगीनं येते, ती महाग पडत असेल तर दर वाढवा. "शुगरवर गुणकारी" असलं काही छापायचं नाही. आणि सुटी चटणी वर्तमानपत्रात बांधून द्यायची नाही, छपाईची शाई अन्नात उतरते.

सुकटाची, म्हणजे सुक्या मासळीची, चटणीही करणार असाल तर तिला हिरवी खूण चालणार नाही, चौकोनात तपकिरी त्रिकोण लागतो. भांडी आणि चमचेही वेगळे ठेवा. शाकाहारी गिऱ्हाईक एकदा बिथरलं की परत येत नाही, अख्ख्या गल्लीला सांगतं ते निराळंच.