बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा
जुन्या गाडीचा सेल्फ सकाळी नुसता 'कट्' करून थांबला की बहुतेक जण थेट नवी बॅटरी आणतात. डायनामो (अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) चार्ज करत नसेल तर ती नवी बॅटरीही आठवडाभरात बसते. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि २० व्होल्ट डीसीवर ठेवा.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर रीडिंग घ्या. १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. बॅटरी फार उतरलेली असेल तर आधी बाहेरून चार्ज करून घ्या, नाहीतर पुढची रीडिंग फसवी येतात.

आता चावी ऑन करा. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागलाच पाहिजे. बऱ्याच जुन्या गाड्यांत याच बल्बमधून डायनामोला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब उडाला तर चांगला डायनामोही गप्प बसतो. पाच मिनिटांचं काम, पण यापायी कितीतरी डायनामो विनाकारण खोलले जातात.

इंजिन चालू करून थोडी रेस द्या. बॅटरीच्या टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट आलं तर चार्जिंग ठीक. १५ च्या वर गेलं तर डायनामोचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, म्हणजे आपल्याकडचे जुने मेकॅनिक ज्याला कटआउट म्हणतात तो, खराब आहे. परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात असा ओव्हरचार्ज बॅटरीतलं पाणी झपाट्याने उडवतो. भरताना फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही प्लेटा बुडून वर १० मिमीपर्यंत. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात.

१३ च्या खालीच राहिलं तर इंजिन बंद करून डायनामो फिरवणारा पट्टा बघा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिमी दबावा. पट्ट्याच्या कडा चकचकीत झाल्या असतील तर ताण वाढवून उपयोग नाही, नवा टाका.

पट्टा चांगला असेल तर हेडलाइट लावून, इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन डायनामोच्या जाड वायरीच्या बोल्टला आणि दुसरी बॅटरीच्या प्लसला लावा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक म्हणजे वायर किंवा जोड गंजलाय. डायनामोची बॉडी ते बॅटरीचा मायनस, इथे फरक ०.२ च्या आत हवा. काळ्या मातीची धूळ आणि पावसाळी ओल यामुळे अर्थिंगचा बोल्ट आतून गंजतो, वरून दिसत नाही. खोलून घासा, पुन्हा घट्ट करा, वर ग्रीस लावा. टर्मिनलवरची पांढरी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवा; हे पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका.

हे सगळं नीट असूनही व्होल्टेज चढत नसेल तरच डायनामो काढा. बहुधा आतले कार्बन (ब्रश) झिजलेले निघतात. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्युम पंप डायनामोच्या मागेच असतो. त्याचं सील गळलं की ऑइल कार्बनवर येतं. तिथे सील न बदलता नुसते कार्बन टाकले तर महिन्यात तोच प्रकार. अशा गाडीत पट्टा तुटला तर ब्रेकही जड होतो, म्हणून जादा पट्टा गाडीत ठेवा.

इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल काढून डायनामो 'तपासू' नका. व्होल्टेज उसळतं आणि डायनामोतले डायोड (एसीचा डीसी करणारे भाग) जळतात. बॅटरी काढायची तेव्हा इंजिन बंद, आणि मायनस आधी.