क्लिक आणि स्क्रोल इफेक्ट बसवताना या चुका टाळा

बटण दाबल्यावर उमटणारी लहर, पान खाली सरकवताना वर येणारी कार्डं, क्लिक करताच उघडणारी प्रश्नोत्तरं. हे सगळं बसवायला आता फार वेळ लागत नाही. लॅपटॉपवर ते झकास चालतं, आणि क्लायंटने मोबाइलवर पान उघडलं की अर्धा भाग कोरा दिसतो किंवा बटण दोनदा दाबावं लागतं. मग आपण इफेक्टचा कोड उसवत बसतो. पण दोष बहुतेक वेळा त्या कोडमध्ये नसतोच. तो आजूबाजूला असतो: बाहेरच्या डब्याला कुणीतरी दिलेल्या ओव्हरफ्लोमध्ये (डब्याबाहेर जाणाऱ्या भागाचं काय करायचं ते ठरवणारा नियम), स्क्रिप्ट जोडलेल्या जागेत, घटकाच्या सुरुवातीच्या स्थितीत. म्हणून शोध आधी तिथे घ्या.

पान कोरं का दिसतं

स्क्रोल इफेक्टची नेहमीची पद्धत अशी असते: सीएसएसमध्ये घटकाची ऑपॅसिटी (अपारदर्शकता) शून्य ठेवायची आणि घटक नजरेच्या टप्प्यात आला की जावास्क्रिप्टने त्याला क्लास लावायचा. जावास्क्रिप्ट चाललीच नाही, तर मजकूर कायमचा अदृश्य राहतो. फाइल अर्धवट उतरते, त्याच फाइलमधल्या दुसऱ्याच एखाद्या ओळीत एरर येते आणि पुढचं सगळं थांबतं. वर्डप्रेसवर आणखी एक कारण असतं. काही कॅश प्लगइन पानाचा वेग वाढवण्यासाठी सगळी जावास्क्रिप्ट वाचकाच्या पहिल्या स्पर्शापर्यंत रोखून धरतात. एलिमेंटर या पान बांधण्याच्या प्लगइनमध्ये एंट्रन्स अॅनिमेशन दिलेले भाग तोवर दिसतच नाहीत. 'बोट लावलं की पान येतं' अशी तक्रार आली तर आधी हीच सेटिंग बघा.

उपाय असा. लपवण्याचा नियम थेट घटकाला लावू नका. हेडमध्ये दोन ओळींची इनलाइन स्क्रिप्ट ठेवून एचटीएमएल टॅगला एक क्लास द्या आणि तो क्लास असेल तरच घटक लपवा. एवढ्यावर थांबू नका, कारण इनलाइन स्क्रिप्ट चालली आणि मुख्य फाइल आलीच नाही, तर पान पुन्हा कोरंच राहतं. त्याच इनलाइन स्क्रिप्टमध्ये तीन सेकंदांचा टायमर लावा. तेवढ्या वेळात मुख्य फाइलने 'मी आले' अशी खूण केली नाही, तर क्लास काढून टाकायचा. सीएसएसमधली 'स्क्रिप्टिंग' ही मीडिया क्वेरी इथे पुरत नाही. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालू आहे की बंद, एवढंच ती सांगते. तुमची फाइल पोचली का, हे तिला कळत नाही.

पहिल्या स्क्रीनवरचं शीर्षक आणि मोठं चित्र यांना फेड-इन देऊच नका. वाचकाला ते लगेच हवं असतं. शिवाय शून्य ऑपॅसिटीचा घटक क्रोम एलसीपीच्या (पहिल्या स्क्रीनवरचा सर्वांत मोठा घटक दिसायला लागणाऱ्या वेळेच्या) मोजणीत धरत नाही, त्यामुळे तो आकडा लांबतो किंवा भलत्याच घटकावर मोजला जातो. एलसीपी २.५ सेकंदांच्या आत असावा ही गुगलची मर्यादा आहे. प्रिंटसाठीही वेगळा नियम लागतो: मीडिया प्रिंटमध्ये ऑपॅसिटी एक, ट्रान्सफॉर्म नन. नाहीतर ग्राहक दरपत्रक छापायला जातो आणि कागदावर रिकाम्या चौकटी येतात.

इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर गप्प का बसतो

घटक दिसला की नाही हे ठरवायला स्क्रोल इव्हेंटवर हिशेब करत बसण्याची गरज राहिलेली नाही. २०१९ मध्ये सफारी १२.१ मध्ये हेच काम करणारा इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर आला, तेव्हापासून तो सगळ्या मुख्य ब्राउझरांत आहे. पण त्याचे स्वभाव माहीत नसले की घोळ होतो.

ऑब्झर्व्ह म्हणताच कॉलबॅक (ऑब्झर्व्हर चालवतो ते आपलं फंक्शन) एकदा लगेच येतो, घटक दिसत नसला तरी. त्यात इज-इंटरसेक्टिंग तपासलं नाही तर सगळी कार्डं पान उघडतानाच 'प्रकट' होऊन बसतात आणि खाली गेल्यावर हालचाल दिसत नाही.

उलट तक्रार असते ती घटक कधीच न येण्याची. थ्रेशोल्ड, म्हणजे घटकाचा किती भाग दिसायला हवा तो आकडा, ०.५ ठेवलेला असतो. डेस्कटॉपवर तो विभाग ६०० पिक्सेल उंच, म्हणून चालतो. मोबाइलवर तोच विभाग एका रकान्यात येऊन २००० पिक्सेल होतो. ७०० पिक्सेलच्या स्क्रीनवर त्याचा एका वेळी जास्तीत जास्त ३५ टक्के भाग दिसू शकतो, म्हणजे निम्मा कधीच दिसणार नाही आणि कॉलबॅकमध्ये हवी ती स्थिती येणारच नाही. थ्रेशोल्ड शून्य ठेवा आणि इफेक्ट थोडा उशिरा हवा असेल तर रूट-मार्जिनमध्ये (मोजणीसाठी स्क्रीनची कड आत-बाहेर सरकवणारी सेटिंग) खालच्या बाजूला उणे १५ टक्के द्या. रूट-मार्जिनला पिक्सेल आणि टक्के एवढीच एककं चालतात. रेम किंवा व्हीएच लिहिलं तर एरर येते आणि पुढचा कोड थांबतो. उणे मार्जिनची एक अडचणही आहे. पानाच्या अगदी तळाशी असलेली फुटरची बुटकी पट्टी त्या १५ टक्क्यांतच राहते, त्यामुळे तिला 'दिसली' म्हटलंच जात नाही. तळाच्या घटकांना हा इफेक्ट नको.

सगळ्यात फसवी चूक वेगळीच आहे: ज्या घटकावर नजर ठेवली, त्यालाच हलवणं. ऑब्झर्व्हर घटकाची जागा ट्रान्सफॉर्मसह मोजतो. कार्ड ६० पिक्सेल खाली ढकललेलं आहे, ते टप्प्यात आलं, क्लास लागला, ते वर सरकलं. टप्प्याबाहेर जाताना क्लास काढणारा कोड असेल, तर वरच्या कडेवर आल्यावर ते दिसतं-लपतं-दिसतं असं थरथरत राहतं. आडवं सरकवलेलं असेल तर प्रकरण आणखी बिघडतं. घटक शंभर टक्के उजवीकडे ढकलला आणि बाहेरच्या डब्याला ओव्हरफ्लो हिडन असला, तर तो कापला जातो, ऑब्झर्व्हरच्या लेखी कधीच दिसत नाही आणि म्हणून आत येतच नाही. नजर बाहेरच्या स्थिर डब्यावर ठेवा आणि हलवा आतल्याला. एकदाच दाखवायचा इफेक्ट असेल तर काम झाल्यावर अनऑब्झर्व्ह करा.

कार्डं एकामागून एक यावीत म्हणून दिलेला उशीरही जपून वापरा. १२ कार्डांना प्रत्येकी १५० मिलिसेकंद वाढवत नेलं, तर शेवटचं कार्ड १.६५ सेकंदांनी हलायला लागतं. तोवर वाचक पुढे गेलेला असतो. उशीर ओळीपुरता ठेवा, म्हणजे तीन रकाने असतील तर ०, ८० आणि १६० मिलिसेकंद आणि पुढच्या ओळीला पुन्हा शून्यापासून. सरकण्याचं अंतर १६ ते २४ पिक्सेल पुरे.

ओव्हरफ्लो हिडन नावाचा चोर

'स्टिकी (स्क्रोल करताना जागीच चिकटून राहणारा घटक) चिकटत नाही' या तक्रारीचं मूळ जवळजवळ नेहमी एकच असतं. कुणीतरी आडवा स्क्रोल घालवण्यासाठी बाहेरच्या डब्याला ओव्हरफ्लो-एक्स हिडन दिलेलं असतं. एका दिशेला हिडन दिलं की दुसऱ्या दिशेचं 'व्हिजिबल' आपोआप 'ऑटो' होतं, डबा स्वतःच स्क्रोलचा मालक होतो आणि स्टिकी घटक पानाऐवजी त्या डब्याला चिकटू बघतो. डबा तर स्क्रोल होतच नाही. नुसत्या बॉडीला दिलं तर ते व्ह्यूपोर्टला, म्हणजे पानाच्या दिसणाऱ्या चौकटीला, लागू होतं आणि निभावतं. एचटीएमएल आणि बॉडी दोघांना दिलं की बिघडतं. तिथे हिडनऐवजी 'क्लिप' लिहा. आडवं कापलं जातं आणि नवा स्क्रोल डबा तयार होत नाही.

शोधायचं कसं? ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये स्टिकी घटक निवडा, एकेक पालक वर चढत जा आणि कम्प्यूटेड टॅबमध्ये ओव्हरफ्लो बघा. सगळे व्हिजिबल निघाले तर 'टॉप' दिलंय का ते तपासा. तेही असेल तर पालक फ्लेक्स किंवा ग्रिड आहे का बघा. तिथे मूल पालकाएवढं ताणलं जातं आणि सरकायला जागाच उरत नाही. त्याला अलाइन-सेल्फ स्टार्ट द्या.

नुसत्या सीएसएसवर चालणाऱ्या स्क्रोल अॅनिमेशनलाही हाच चोर नडतो. अॅनिमेशन-टाइमलाइनमध्ये 'व्ह्यू' लिहिलं की ते सर्वांत जवळचा स्क्रोल डबा धरतं. तो हिडनवाला निघाला की अॅनिमेशन जागचं हलत नाही. ही सोय क्रोम ११५ मध्ये २०२३ साली आली. सगळे ब्राउझर ती देत नाहीत, म्हणून 'सपोर्ट्स' (ब्राउझर ती सोय देतो का ते तपासणारा नियम) याच्या आतच लिहा. आणखी एक बारकी गोष्ट: अॅनिमेशन-टाइमलाइनची ओळ 'अॅनिमेशन' या एकत्रित ओळीच्या खाली हवी. वर लिहिली तर ती एकत्रित ओळ तिला पुसून टाकते आणि पान उघडताच अॅनिमेशन संपून जातं.

पॉपअप किंवा तरंगतं बटण फिक्स्ड असूनही पानाबरोबर सरकत असेल, तर कुठल्यातरी पालकावर ट्रान्सफॉर्म, फिल्टर किंवा विल-चेंज (ब्राउझरला बदलाची आगाऊ सूचना) ट्रान्सफॉर्म बसलेलं आहे. पॉपअपचं मार्कअप त्या पालकाबाहेर, बॉडीच्या शेवटी न्या.

क्लिकमधले घोळ

क्लिक केलं आणि काहीच झालं नाही, याची तीन कारणं आधी पाहा. कन्सोलमध्ये 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल' दिसत असेल, तर स्क्रिप्ट घटकाच्या आधी चालली. स्क्रिप्ट टॅगला डिफर लावा, म्हणजे ती पान वाचून झाल्यावर चालेल. फक्त पहिलंच बटण चालत असेल, तर क्वेरी-सिलेक्टरच्या जागी क्वेरी-सिलेक्टर-ऑल आणि फॉर-ईच हवं. आणि तिसरं कारण म्हणजे इफेक्ट दोनदा होतोय. उघडतो आणि त्याच क्षणी मिटतो, म्हणून आपल्याला काहीच दिसत नाही. एकाच बटणाला अनामिक (नाव नसलेलं) फंक्शन पुन्हा जोडलं की ब्राउझर ते नवं समजतो आणि दोन्ही चालवतो. क्रोमच्या कन्सोलमध्ये घटक निवडून गेट-इव्हेंट-लिसनर्स चालवा, किती जोडलेत ते समोर येतं.

बटणात आयकॉन असेल तर इव्हेंटचं टार्गेट बटण नसतं, आतलं एसव्हीजी असतं. 'क्लोजेस्ट' वापरून बटणापर्यंत चढा. लहर चुकीच्या जागी उमटण्याचं कारणही बहुतेक हेच: ऑफसेट-एक्स टार्गेटच्या कोपऱ्यापासून मोजला जातो. क्लायंट-एक्समधून बटणाच्या बाउंडिंग रेक्टची डावी कड वजा करा. कीबोर्डवरून एंटर दाबल्यावर आलेल्या क्लिकमध्ये 'डीटेल' शून्य असतो. तेव्हा लहर बटणाच्या मध्यातून काढा. लहरीचा स्पॅन अॅनिमेशन-एंडला काढून टाकायचा असतो, पण हालचाल कमी करण्याच्या सेटिंगमुळे अॅनिमेशन बंद असेल तर ती घटना येतच नाही आणि स्पॅन साचत जातात. त्या स्थितीत स्पॅन जोडूच नका.

तोच इफेक्ट दुसऱ्या क्लिकला होत नाही? क्लास काढून लगेच लावला, तर ब्राउझरला मधला बदल दिसत नाही. दोन्हींच्या मध्ये ऑफसेट-विड्थ एकदा वाचा किंवा सरळ एलिमेंटची 'अॅनिमेट' पद्धत वापरा.

डिव्हला क्लिक लावून बटण बनवू नका. टॅबने त्यावर पोचता येत नाही, एंटर चालत नाही, स्क्रीन रीडरला ते बटण आहे हे कळत नाही. खऱ्या बटण टॅगमध्ये हे सगळं फुकट मिळतं. आकार किमान २४ बाय २४ पिक्सेल हवा, असं डब्ल्यूसीएजी २.२ (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीची नियमावली) सांगते. बोटासाठी ४४ बरा. होव्हरचे नियम 'होव्हर होव्हर' या मीडिया क्वेरीत टाका, नाहीतर मोबाइलवर बोट उचलल्यानंतरही बटण दाबलेल्या रंगातच अडकून राहतं.

प्रश्नोत्तर उघडताना उंची शून्यावरून ऑटोवर नेलेली चालत नाही, ते धक्क्यानेच उघडतं. बाहेरचा डबा ग्रिड करून ओळीची उंची शून्य एफआरवरून (एफआर म्हणजे उपलब्ध जागेचा वाटा) एक एफआरवर न्या आणि आतल्याला ओव्हरफ्लो हिडन द्या. मिटलेल्या उत्तरातली लिंक टॅबने अजून सापडते, म्हणून मिटताना व्हिजिबिलिटी हिडन हवंच.

अडखळणं

६० हर्ट्‌झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्‌झवर ८.३. टॉप, लेफ्ट, विड्थ, हाइट हलवले की प्रत्येक फ्रेमला मांडणी नव्याने करावी लागते. ट्रान्सफॉर्म आणि ऑपॅसिटी हलवा. सावली वाढवायची असेल तर ती सूडो-एलिमेंटवर (सीएसएसने तयार होणाऱ्या जोड-घटकावर) आधीच काढून ठेवा आणि फक्त त्याची ऑपॅसिटी बदला. स्क्रोल इव्हेंट वापरावाच लागला, तर सगळ्या कार्डांची मापं आधी एकदम वाचा आणि बदल नंतर एकदम करा. वाच-लिही-वाच-लिही केलं की ब्राउझरला प्रत्येक वेळी मांडणी पुन्हा करावी लागते. विल-चेंज सगळीकडे शिंपडू नका, स्वस्त फोनची मेमरी त्यात जाते.

देवनागरी अक्षरं तुटतात तेव्हा

अक्षर-अक्षर उमटणारं शीर्षक हा इंग्रजीसाठी बनलेला इफेक्ट आहे. 'महाराष्ट्र' हा शब्द जावास्क्रिप्टच्या रिकाम्या स्प्लिटने तोडला की दहा तुकडे होतात: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. प्रत्येक तुकडा वेगळ्या स्पॅनमध्ये गेला की काना ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकतो आणि 'ष्ट्र'चं जोडाक्षर फुटतं. ब्राउझरातला इंटल सेगमेंटर ग्राफीमनुसार (वाचकाला एकच अक्षर वाटणाऱ्या तुकड्यानुसार) तोडतो, पण जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ साली आला. जुन्या ब्राउझरात 'क्ष' अजूनही दोन भागांत जातो. मराठी शीर्षक शब्दानुसारच तोडा, ते दिसतंही जास्त शांत. होव्हरवर अक्षरांतलं अंतर वाढवू नका, शिरोरेघेला फटी पडतात. आणि शब्द खालून वर येताना कापण्यासाठी लावलेल्या डब्याची लाइन-हाइट एकावर ठेवली, तर 'र्कू'मधला रफारही कापला जातो आणि खालचा उकारही. १.५ पासून सुरुवात करून डोळ्यांनी तपासा.

सोडण्यापूर्वी

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये परफॉर्मन्स पॅनेल उघडा, सीपीयू चार पट मंद करा आणि पान वरून खाली वेगाने ओढा. रेंडरिंग टॅबमध्ये पेंट फ्लॅशिंग चालू केलं की कुठला भाग पुन्हा पुन्हा रंगवला जातोय ते हिरव्या चौकटींनी दिसतं. त्याच टॅबमध्ये प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन चालू करून बघा. सरकणारी चित्रं आणि पॅरलॅक्स (मागचं चित्र वेगळ्या वेगाने सरकणं) यांनी काहींना खरोखर चक्कर येते, मळमळतं. त्यांच्यासाठी सरकणं पूर्ण बंद आणि मजकूर लगेच दिसायला हवा. मग जावास्क्रिप्ट बंद करून पान पुन्हा उघडा, आणि शेवटी माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरने प्रत्येक बटणापर्यंत जा.