टोपणनावाआडचा माणूस: फ्रेंच प्रतिकार चळवळीतल्या व्यक्तीची फाइल कशी शोधायची

सुरुवात टोपणनाव सोलण्यापासून करा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त फ्रान्ससाठी लढणारी ही भूमिगत माणसं खोट्या नावांनी वावरली, पण फ्रेंच लष्कराच्या फायली खऱ्या नावानं लावलेल्या आहेत. 'मॅक्स' म्हणून शोधलं तर प्रतिकार गटांना एकत्र आणणारे ज्याँ मूलाँ सापडणार नाहीत. 'रेक्स', 'रेजिस' हेही तेच. आणि २१ जून १९४३ रोजी कालुईरमध्ये अटक झाली तेव्हा ते 'जाक मार्तेल' या नावानं वावरत होते.

टोपणनावाचा प्रकारच कधीकधी दिशा दाखवतो. प्राण्यापक्ष्याचं नाव असेल तर मारी-मादलेन फुर्काद यांचं 'आलियाँस' हे हेरगिरीचं जाळं आधी तपासा. त्या स्वतः 'एरिसों', म्हणजे हेजहॉग (जाहक), होत्या. भूमितीतली आकृती, म्हणजे 'एलिप्स', 'पॉलिगोन', असेल तर तो बहुधा लंडनहून नेमलेला प्रादेशिक लष्करी प्रतिनिधी. पॅरिस मेट्रोचं स्टेशन असेल तर लंडनमधून मुक्त फ्रान्सचं नेतृत्व करणाऱ्या जनरल द गॉल यांच्या गुप्तचर खात्यातला सुरुवातीचा अधिकारी असण्याची शक्यता; 'पासी' म्हणजे आंद्रे दवाव्रँ. हे इशारे आहेत, पुरावा नव्हे.

स्त्रियांच्या बाबतीत जन्मनाव, नवऱ्याचं आडनाव आणि टोपणनाव अशी तिन्ही हाताशी ठेवा. प्रतिकारक ल्यूसी ओब्राक जन्मानं बेर्नार, लग्नानं साम्युएल; ओब्राक हे टोपणनाव.

आता स्पेलिंग. देवनागरीवरून रोमन अंदाजानं लिहू नका. फ्रेंचमध्ये शेवटची अक्षरं सर्रास मुकी असतात आणि एकच 'ओ' चार-पाच तऱ्हांनी लिहिला जातो. मूळ रोमन नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव (जमल्यास जिल्हा, म्हणजे देपार्तमाँ) आधी पक्कं करा. तारखेशिवाय मार्तँ किंवा बेर्नार शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

मग फ्रेंच संरक्षण मंत्रालयाच्या 'मेम्वार देझॉम' या मोफत संकेतस्थळावर प्रतिकारकांची यादी उघडा. तिथे सुमारे सहा लाख नावं आहेत. आधी फक्त आडनाव टाका, मग जन्मतारखेनं गाळा; सगळे रकाने एकदम भरले की एका चुकीच्या अक्षरापायी हाती शून्य येतं. नोंद सापडली की फाइलचा क्रमांक, म्हणजे 'जीआर १६ पी' आणि पुढचा आकडा, जसाच्या तसा उतरवून घ्या. फाइल सहसा ऑनलाइन नसते. ती व्हँसेनच्या किल्ल्यातल्या लष्करी अभिलेखागारात, आधी नोंदवूनच पाहायला मिळते. ऐनवेळी जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही.

नोंदीतली आद्याक्षरं नीट वाचा. एफएफएल म्हणजे द गॉल यांची मुक्त फ्रेंच सेना, एफएफसी म्हणजे हेरगिरी आणि सुटकेची जाळी, एफएफआय म्हणजे देशातले सशस्त्र गट, डीआयआर म्हणजे प्रतिकारापायी कैदेत किंवा छळछावणीत गेलेले, आरआयएफ म्हणजे वृत्तपत्रं, पत्रकं, संघटना चालवणारे. एफएफसीत पी-शून्य म्हणजे अधूनमधून मदत करणारा, पी-एक म्हणजे आपली नोकरी सांभाळून काम करणारा, पी-दोन पूर्णवेळ.

त्याहून महत्त्वाच्या सेवेच्या तारखा. १९४२ पासूनची सेवा आणि ऑगस्ट १९४४ पासूनची सेवा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पॅरिस सुटल्यावर गणवेश चढवून पुढे आलेल्या अधिकाऱ्यांना फ्रेंच लोक 'नाफ्तालिने' म्हणत, म्हणजे डांबरगोळ्यांचा वास येणारे! हुद्द्यावरही भुलू नका. तो पुष्कळदा युद्धानंतर कामाच्या मानानं ठरवलेला असतो.

नाव नाहीच मिळालं तर? ही यादी मुळात आपल्या प्रतिकारकार्याला सरकारी मान्यता मागणाऱ्यांच्या कागदांतून उभी राहिली आहे. ज्यांनी अर्ज केलाच नाही, किंवा ज्यांच्यामागे अर्ज करायला कुणी उरलं नाही, ते त्यात नसू शकतात. सन्मानांच्या यादीवरून तर निकाल लावूच नका: 'कंपान्यों द ला लिबेरासियों' (मुक्तिलढ्यासाठी द गॉल यांनी सुरू केलेला सन्मान) १०३८ व्यक्ती झाल्या, त्यांत स्त्रिया फक्त सहा, आणि त्या सहांत ना ल्यूसी ओब्राक आहेत ना फुर्काद.

अटक, हद्दपारी किंवा गोळीबारात मृत्यू झाला असेल तर काँ शहरातल्या लष्करी अभिलेखागाराची 'एसी २१ पी' मालिका मागवा. युद्धानंतर नोंदवलेल्या साक्षी पॅरिसजवळच्या पिएरफित इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात '७२ एजे' खाली आहेत. सहकाऱ्यांची नावं बहुधा तिथेच उलगडतात. आणि माणूस ब्रिटिशांच्या एसओईनं (शत्रुप्रदेशात घातपात घडवणाऱ्या गुप्त संघटनेनं) पाठवलेला असेल, जशा 'मादलेन' म्हणजे नूर इनायत खान, तर लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एचएस ९' ही मालिका बघा.